विहिरीत डिझेल: किट, नमुने आणि अर्ज यांची वर्षभराची गोष्ट

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या घरच्या विहिरीत डिझेल उतरले होते. संशय आला २०२४ च्या एप्रिलमध्ये, आणि शेवटचा स्वच्छ अहवाल हातात पडला २०२५ च्या जूनमध्ये. अशी वेळ आली की पहिले काही दिवस माणूस नुसता गोंधळतो. कोणाकडे जायचे, कसली चाचणी करायची, बाटली काचेची की प्लास्टिकची, काहीच कळत नाही. मी शाळेत इतिहास शिकवते, रसायनशास्त्राशी माझा दहावीनंतर संबंध नाही. तरीही हे सगळे समजून घेता आले, तर कोणालाही येईल. म्हणून घडले तसे लिहिते.

आमच्या सासूबाई देवपूजेला नळाचे पाणी घेत नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी विहिरीवरून हाक मारली, "अगो, कळशीला रॉकेलचा वास कसा येतो बघ." वास होताच. पाणी खूप खाली गेले होते, आणि त्यावर रंगीत तवंग दिसत होता.

तवंग दिसला म्हणजे तेलच, असे मात्र नाही. आमच्याकडची माती जांभ्याची, लोहाची. लोहावर जगणारे जिवाणू साचलेल्या पाण्यावर हुबेहूब तेलासारखी चकचकीत साय धरतात. फरक ओळखायला काठी पुरते. तवंगात काठी फिरवली की जिवाणूंची साय फुटून तिचे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा तवंग बाजूला सरतो आणि लगेच पुन्हा एक होतो. आम्ही पाणी बादलीत काढून, स्वच्छ काडीने हे करून पाहिले. पुन्हा पुन्हा तवंग जुळून येत होता.

मग घरातलेच कारण असेल का, ते पाहिले. कप्पीला लावलेले ग्रीस, पंपातून गळणारे तेल, दोन्ही शक्य असते. कप्पी कोरडी होती. पंप काठावरच्या चौथऱ्यावर बसवलेला, त्याखाली डाग नव्हता. तेव्हा सगळ्यांचे लक्ष विहिरीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या आवाराकडे गेले. खनिजाचे ट्रक चालत होते तेव्हा ते आवार एका वाहतूक ठेकेदाराने भाड्याने घेतले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहिले, ठेकेदार निघून गेला. ट्रकांना डिझेल भरायची जमिनीखालची टाकी तिथेच राहिली होती. ते आवार शेजारच्या भाऊंच्या वडिलांचे. वडील आता नाहीत. भाऊंशी आमचे चवथीला एकमेकांकडे जाण्यायेण्याचे संबंध. त्यांच्या दारात जाऊन "तुमच्या टाकीमुळे आमची विहीर नासली" म्हणायला माझी जीभ उचलेना, आणि पुरावा नसताना तसे म्हणणे बरोबरही नव्हते.

त्याच दिवशी काही गोष्टी बंद केल्या, त्या आधी सांगते. ते पाणी पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ बंद. पंप बंद, कारण उपसा केला की आजूबाजूचे भूजल विहिरीकडे ओढले जाते आणि त्याबरोबर तेलही. विहिरीत कोणी उतरायचे नाही, कंदील, उदबत्ती, पेटती काडी काठावर आणायची नाही. पेट्रोल असेल तर आतल्या वाफा पेट घेऊ शकतात, आणि तेव्हा आमच्याकडे पेट्रोल की डिझेल हे माहीत नव्हते. एकाने टीसीएल पावडर टाका म्हणून सांगितले. ती जंतूंसाठी असते, तेलावर तिचा उपयोग नाही. पाणी उकळल्यानेही प्रश्न सुटत नाही. उडून जाणारा भाग स्वयंपाकघराच्या हवेत येतो, जड भाग पातेल्यात राहतो.

पहिला अर्ज पंचायतीत दिला. साधा कागद, मराठीत, तारीख आणि वेळेसकट. सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), सर्व्हे प्लॅनची प्रत आणि विहिरीच्या नोंदणीचा क्रमांक. २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्यानुसार विहिरीची नोंदणी असावी लागते. आमची होती, त्यामुळे पुढच्या प्रत्येक कार्यालयात ती एक अडचण कमी झाली. ज्यांची नाही त्यांनी आधी ती करून घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचे नाही, हे मला एका निवृत्त कारकुनांनी सांगितले होते. पुढे ती प्रत फार उपयोगी पडली.

पाण्याचा एक नमुना नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीला दिला. पंधरवड्याने अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. घरात दोन तट पडले. सासरे म्हणाले, "सरकारी कागद सांगतो ना, मग झाले." पण कागद नीट वाचला तर त्यात कोलिफॉर्म जिवाणू, पीएच, कठीणपणा, क्लोराइड, लोह एवढेच तपासले होते. पेट्रोलियम कोणी शोधलेच नव्हते, मग सापडणार कसे? अहवाल त्याच्यापुरता खराच होता. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: नमुना देताना काय शोधायचे आहे ते लेखी सांगावे लागते. 'खनिज तेल', 'टीपीएच' म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, आणि 'बीटेक्स' म्हणजे बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन, झायलीन ही चौकडी. एवढे शब्द अर्जात असले की समोरच्यालाही नेमके कळते.

प्रयोगशाळेत हे सगळे तपासतात, पण एका नमुन्याचा दर जीएसटी धरून साडेसात हजारांच्या आसपास सांगितला गेला. विहीर, वरची जमीन, खालचे कुळागर (नारळ-सुपारीची बाग), नाला, असे सगळीकडचे नमुने त्या दराने देणे आम्हाला झेपणारे नव्हते. तेव्हा भाच्याच्या ओळखीने मडगावचे एक पर्यावरण सल्लागार मिळाले. त्यांनी सांगितले की आधी जागेवरच किटने तपासू, कुठे आहे आणि कुठे नाही ते पाहू, आणि मग मोजक्याच जागांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवू. एका दिवसाचे त्यांनी साहित्यासह चौदा हजार घेतले. किट स्वतः विकत घ्यावे का, हे मी विचारले होते. मीटर असलेले किट परदेशातून मागवावे लागते, त्यातल्या रसायनांना मुदत असते, आणि एका विहिरीसाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते आले. तो दिवस सविस्तर लिहिते, कारण किट म्हणजे काय हे मला त्या दिवशीच समजले. मी समजत होते की एक पट्टी बुडवायची आणि रंग पाहायचा. प्रत्यक्षात त्यांच्या पेटीत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि प्रत्येकीला एकच काही विचारता येत होते.

पहिली पीआयडी. हातात धरायचे यंत्र, आत अतिनील दिवा. हवेतली उडणारी इंधनवाफ त्या प्रकाशाने आयनित होते आणि यंत्र आकडा दाखवते. माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, पिशवी बंद करून दहा-पंधरा मिनिटे उन्हात ठेवायची आणि मग यंत्राचे टोक आत खुपसायचे. पेट्रोल असते तर यंत्राने लगेच दाखवले असते. आमच्याकडे आकडा जरासाच हलला. माझा जीव भांड्यात पडणार, तोच ते म्हणाले, "ताई, एवढ्यावर जाऊ नका. डिझेल फार उडत नाही, त्यात जुने झालेले तर अजूनच कमी. आणि हवेत दमटपणा असला की हे यंत्र आकडा कमी दाखवते." मे महिन्यातला गोवा म्हणजे दमटपणा आलाच. म्हणजे पीआयडीने एवढेच सांगितले की ताजे पेट्रोल बहुधा नाही.

दुसरी रंगाची कुपी. छोट्या बाटलीत माती, पाणी आणि तेलातच विरघळणारा तांबडा रंग घालून हलवायचे. तेल भरपूर असेल तर रंग त्यात उतरून लाल कडे दिसते. प्रमाण थोडे असेल तर रंग धरत नाही, म्हणून 'लाल झाले नाही' याचा अर्थ 'तेल नाही' असा घ्यायचा नसतो. टाकीच्या कडेची माती लाल झाली. आमच्या कुंपणापाशी झाली नाही.

आता टाकीच्या कडेची माती आम्हाला मिळाली कशी, तर भाऊंना आधी विचारून. आदल्या संध्याकाळी मी आणि यजमान त्यांच्याकडे गेलो. मी विहिरीचा वास, तवंग, सगळे सांगितले आणि म्हटले, "भाऊ, कारण काय ते आम्हालाही माहीत नाही. तुमच्या समोर तपासू." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, माझीही विहीर खालीच आहे. या सकाळी." त्या एका वाक्याने पुढचे वर्ष सोपे झाले. त्यांनी वडिलांच्या कपाटातून टाकीचा जुना परवानाही काढून दिला. डिझेलचा साठा २,५०० लिटरच्या वर असेल तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. त्या नकाशावरून टाकी, तिची पाइपलाइन आणि भरायचे तोंड नेमके कुठे ते कळले. गवतात शोधत बसावे लागले नाही. जुनी टाकी असलेल्यांनी हा नकाशा जपून ठेवावा.

टाकीत एक काम फार सोपे निघाले. पेट्रोल पंपावर टाकीच्या तळाशी पाणी आहे का ते पाहायला डिपरॉडला एक पेस्ट लावतात; पाणी लागले की तिचा रंग बदलतो. ती लावून रॉड सोडला. वर हातभर डिझेल आणि खाली पाण्याचा चांगला जाड थर. बंद टाकीत पाणी शिरले आहे, म्हणजे कुठेतरी वाट आहे, आणि पाणी जिथून आत येते तिथून डिझेल बाहेर जाऊ शकते. भाऊंचा चेहरा उतरला. मलाही बरे वाटले नाही.

मुख्य किट होते गढूळपणावर चालणारे. पेट्रोफ्लॅग नावाने ते ओळखले जाते, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या प्रकाराला ९०७४ क्रमांकाची प्राथमिक तपासणीची पद्धत म्हणून स्थान दिले आहे. दहा ग्रॅम माती छोट्या तराजूवर तोलायची, त्यात द्रावक ओतून काही मिनिटे हलवायची. मातीतले तेल द्रावकात उतरते. वरचा द्रव गाळणीतून दुसऱ्या कुपीत थेंबथेंब सोडायचा. तिथल्या द्रवात तेल विरघळत नाही, म्हणून बारीक दुधट ढग तयार होतो. दहा मिनिटे थांबून कुपी मीटरमध्ये ठेवली की ढग जितका दाट, तितका पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग तेल) आकडा मोठा. सुरुवातीला एक कोरी कुपी आणि एक ठरावीक प्रमाणाची कुपी लावून मीटर जुळवून घेतात, आणि कोणते इंधन आहे ते यादीतून निवडतात. डिझेल आणि जड तेलांसाठी ही पद्धत चांगली; पेट्रोलसाठी ती कमी पडते.

एक अट त्यांनी आधीच घातली: ज्या जागी तेल असणे शक्यच नाही तिथली माती आधी मोजायची. आम्ही कुळागराच्या वरच्या टोकाची, काजूच्या झाडाखालची माती दिली. आकडा आला ७०. शून्य का नाही? कारण कुजलेला पाला आणि वनस्पतींची नैसर्गिक तेलेसुद्धा द्रावकात उतरतात. हे ७० माहीत नसते तर कुंपणापाशी आलेल्या ९० ने आम्ही घाबरलो असतो. टाकीच्या कडेला मात्र मीटरभर खोलीवर २,३०० आला आणि पाइपलाइनच्या वळणापाशी त्याहूनही जास्त.

माती काढणे हेच सर्वांत कष्टाचे काम होते. हाताने फिरवायचा ऑगर मऊ मातीत सरसर जातो, पण आमच्याकडे वीतभर मातीखाली चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, लागतो. पहार घेऊन दोन माणसे लावावी लागली, त्यांची मजुरी वेगळी. जांभ्याचा आणखी एक स्वभाव त्या दिवशी कळला. तो सच्छिद्र असतो, आत भेगा आणि पोकळ्या असतात. त्यामुळे तेल मातीतून सारखे पसरत जात नाही, भेगेने वाट काढते. कुंपणापाशी माती स्वच्छ असूनही विहिरीत तेल कसे, याचे उत्तर तिथे मिळाले: ते खालच्या भेगांमधून आले होते.

पाण्यासाठी वेगळे किट. पाण्याचा नमुना काचेच्या फनेलमध्ये द्रावकाबरोबर हलवायचा, द्रावक वेगळा काढून त्यात पांढरी उत्प्रेरक पूड टाकायची. इंधनातल्या वलयी रेणूंशी तिची क्रिया होऊन रंग येतो आणि तळाशी बसतो. तो छापील रंगपट्टीशी ताडून पाहायचा. छटेवरून पेट्रोल की डिझेल याचाही अंदाज बांधता येतो. ही पूड ओलाव्याने खराब होते आणि तिचा धूर झोंबतो, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवी. पावसाळ्यात हे अंगणात करणे कठीणच. आमच्या विहिरीच्या पाण्याचा रंग डिझेलच्या पट्टीशी जुळला. भाऊंच्या विहिरीचा जुळला नाही, खालच्या नाल्याचाही नाही.

संध्याकाळी आमच्याजवळ एक हाताने काढलेला नकाशा होता, प्रत्येक खड्ड्याची खोली, आकडा, वेळ आणि फोटो यांच्यासह. किटच्या या आकड्यांवर कोणतेही कार्यालय कारवाई करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण कुठला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे आता अंदाजाने ठरवायचे नव्हते. चार जागा निवडल्या: आमची विहीर, भाऊंची विहीर, टाकीकडची माती आणि काजूखालची माती.

नमुने घ्यायला प्रयोगशाळेचाच माणूस आला पाहिजे असा आग्रह धरला, कारण नंतर "नमुना तुम्हीच काढला" असे कोणी म्हणू नये. गोव्यात ती सगळी तपासणी एका ठिकाणी जमेना, म्हणून पुण्याची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा घेतली. मान्यता आहे एवढे पुरत नाही. मान्यतेच्या यादीत नेमकी हीच तपासणी आहे का ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. बीटेक्ससाठी ४० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या कुप्या असतात. त्या काठोकाठ भरायच्या, उलट्या करून आत एकही बुडबुडा नाही ना ते पाहायचे, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात उडते. खनिज तेलासाठी लिटरभराची काचेची बाटली, ती त्या पाण्याने विसळायची नाही, तेल काचेला चिकटते. प्लास्टिकची बाटली या कामाला चालत नाही. वरचा तवंग वेगळा आणि पृष्ठभागाखालचे पाणी वेगळे घ्यायचे, नाहीतर तवंगाचा एक थेंब सगळा आकडा वाढवतो. कुप्यांत आम्ल घालून बर्फात ठेवल्या, तपासणी चौदा दिवसांत व्हायला हवी. पेटी म्हापशाहून रात्रीच्या बसने गेली. पेटीवर सील, आणि कोणी कोणाकडे किती वाजता दिली याचा सह्यांचा कागद. चार नमुन्यांचा सगळा खर्च प्रवासासह छत्तीस हजारांच्या जवळ गेला. ती रक्कम मोठी होती. मुलीच्या संगणकासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले.

अहवाल मेच्या शेवटी ई-मेलने आला. आमच्या विहिरीत खनिज तेल लिटरला १.९ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ०.५ आहे आणि त्यात सवलत नाही. हायड्रोकार्बनचा आलेख डिझेलच्या पट्ट्यात. बेंझीन मोजण्याच्या पातळीच्या खाली. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तेवढे तरी आमच्या पाण्यात नव्हते. हे वाचून मी रडले. त्या पाण्यावर आम्ही वर्षानुवर्षे स्वयंपाक करत आलो, त्याच पाण्यावर मुलगी वाढली.

अहवालाच्या प्रती लावून साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, जलस्रोत खात्याकडे आणि पुन्हा पंचायतीकडे अर्ज दिले. भाऊंनी त्यांच्या नावाने वेगळा अर्ज दिला, टाकी काढायला परवानगी आणि मार्गदर्शन मागणारा. तक्रारदार आणि जागामालक दोघांचेही अर्ज एकाच दिशेचे होते, याचा फार फायदा झाला. मंडळाचे लोक पाहणीला आले, आमचा खड्ड्यांचा नकाशा मागून घेतला आणि त्यावरूनच स्वतःचे नमुने कुठे घ्यायचे ते ठरवले.

तेवढ्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. विहीर भरली आणि वास नाहीसा झाला. शेजारी, नातेवाईक सगळे म्हणू लागले, "धुऊन गेले, आता कशाला पळता?" सल्लागारांनी सांगितले होते ते आठवले: डिझेल पाण्यापेक्षा हलके. उन्हाळ्यात पाणी खाली उतरते तेव्हा ते भेगांतून सुटून विहिरीत जमते. पावसाळ्यात पाणी वर चढले की तेल खडकाच्या छिद्रांत अडकून पाण्याखाली जाते. दिसत नाही म्हणून गेलेले नसते. २०२४ चा पाऊस तर जबरदस्त होता. त्या चार महिन्यांत पंप बंदच ठेवला आणि नळाच्या पाण्यावर राहिलो. नळ सकाळी येतो, उन्हाळ्यात कधी येत नाही, म्हणून एक टाकी आणली. सासूबाई सोवळ्यात नळाचे पाणी घ्यायला तयार होईनात. शेवटी भाऊंच्या घरून रोज एक कळशी येऊ लागली.

संयुक्त पाहणीचा अहवाल एका कार्यालयात अडकून पडला होता. दर वेळी "साहेब फिरतीवर आहेत". ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराखाली अर्ज केला, दहा रुपये शुल्क. मागणी एकच: अमुक तारखेच्या पाहणीच्या अहवालाची आणि त्यावरच्या टिपणीची प्रत. मुदत तीस दिवसांची असते. त्याच्या आतच प्रत मिळाली आणि फाइलही पुढे सरकली. माहिती अधिकारात "का उशीर झाला" असे विचारू नये, अमुक कागदाची प्रत द्या असे मागावे.

टाकी दिवाळीनंतर निघाली. हे काम गावातल्या वेल्डरचे नाही, हे ठळकपणे सांगते. रिकाम्या टाकीतल्या वाफा भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असतात. परवानाधारक ठेकेदाराने आधी उरलेले डिझेल आणि पाणी उपसले, आतली वाफ घालवली, ज्वलनशील वायू मोजणाऱ्या यंत्राने आकडा शून्य असल्याचा दाखला दिला, आणि मगच खणायला सुरुवात केली. टाकीच्या तळाला पाइप जोडलेल्या जागी गंजून भोक पडले होते. भोवतालची माती खणताना पुन्हा तेच गढूळपणाचे किट आणले. प्रत्येक थराला एक नमुना, आकडा काजूखालच्या मातीच्या ७० जवळ आला की त्या बाजूची खोदाई थांबवायची. किट नसते तर किती माती काढायची हे नजरेने ठरले असते, आणि प्रत्येक ट्रकला पैसे मोजावे लागतात. माती पिसुर्ल्याच्या धोकादायक कचरा प्रक्रिया केंद्रात गेली, तिची पावती फाइलला आहे. हा सगळा खर्च भाऊंनी केला. आम्ही मागितला नव्हता. त्यांनी त्यासाठी एक दागिना मोडला हे मला त्यांच्या पत्नीकडून नंतर कळले.

आमच्या विहिरीत तेल शोषणारे पॅड सोडले. ते पाणी न घेता तेल धरतात. काळे पडले की बदलायचे आणि घरच्या कचऱ्यात न टाकता त्याच केंद्राकडे द्यायचे. जानेवारीत खनिज तेल ०.६ आले, मर्यादेच्या जरासे वर. निराशा झाली, पण दिशा बरोबर होती.

खरी परीक्षा उन्हाळ्याची, पाणी तळाला असतानाची. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. सुदैवाने नमुना त्याच्या आधी, मेच्या मध्यावर घेऊन झाला होता. जूनमध्ये अहवाल आला: खनिज तेल मोजण्याच्या पातळीखाली, बीटेक्स नाही. सल्लागारांच्या सांगण्यावरून पुढची दोन वर्षे दर मे महिन्यात एक नमुना द्यायचा आहे, आणि तोवर पिण्याला नळच. बाकी कामांना, कुळागराला आणि देवाला विहिरीचे पाणी सुरू केले.

आम्ही हे केले तेव्हा एक गोष्ट नव्हती, ती आता आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांत संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने गोळा करायची आणि राज्य मंडळाने तिची प्राथमिक तपासणी नव्वद दिवसांत करायची, असा क्रम घातला आहे. अर्जात या नियमांचा उल्लेख करा आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयालाही द्या.

खाणी बंद झाल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ट्रकांच्या आवारांत अशा विसरलेल्या टाक्या आणखी असतील, असे मला वाटते. दाबोळीकडे २०२४ च्या सुरुवातीला विहिरींत इंधन सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. तुमच्या विहिरीला वास येत असेल तर पाऊस लागायची वाट पाहू नका. पाणी खाली असतानाच काठी फिरवून पाहा, फोटो काढा, तारीख घाला आणि अर्ज द्या. अर्जाचा आमचा मसुदा, प्रयोगशाळेला द्यायच्या तपासण्यांची नावे आणि खड्ड्यांच्या नकाशाचा नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी कळवावे, पाठवीन.